रुखवतातलं झुंबर

आई, तुझं ते मॅक्रमचं झुंबर आज माळ्यावरून खाली काढलं. आत मेलेली पाल होती, वाळून कडक झालेली. तुझ्या कलेला शेवटी एवढाच एक रसिक लाभला.

मला त्याची किळस पहिल्या गाठीपासूनची. दौंडच्या आपल्या रेल्वे क्वार्टरमध्ये खिडकीच्या गजाला कडी अडकवून तू ते भडक नारिंगी नायलॉन विणायचीस, टोकं मेणबत्तीवर जाळून चिकटवायचीस. त्या वासानं वरणभातसुद्धा नायलॉनचा लागायचा. मी नाक दाबलं की म्हणायचीस, "मुरड नाक. सासरी ह्या झुंबरानंच ते वर राहणार हाय." मला धड एक गाठ येत नव्हती. तरी लग्नात रुखवताच्या टेबलावर ते टांगलंस, खाली तुझ्याच अक्षरात पुठ्ठा: 'वधूच्या हातची कला'. शिरूरची सगळी सासरची मंडळी एकदा झुंबराकडं, एकदा माझ्या बोटांकडं बघतायत. मी बोटं शालूच्या पदराखाली लपवली.

वर्षाच्या आत नणंदेचं लग्न ठरलं आणि सासूबाईंनी दोऱ्याची लडी माझ्यापुढं टाकली. "हिच्या रुखवताला असंच एक कर." मी घाबरून तुला बोलावलं. तू लेकीला भेटायला म्हणून आलीस आणि आतल्या खोलीत विणत बसलीस. कडी लावून मी दाराशी राखणीला. पण मेणबत्ती पेटली आणि तो वास घरभर झाला. सासूबाईंनी दार वाजवलं. उघडावंच लागलं. तुझ्या दातांत दोरा, मांडीवर मणी. म्हटलं, संपलं आता, माझंही आणि तुझंही.

"विहीणबाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "आतल्या बल्बापासनं दोरा जरा लांब ठिवा, न्हाईतर पेटंल." आणि मला तुझ्यासाठी चहा टाकायला पाठवलं. लग्नात पुठ्ठा अर्थात नणंदेच्या कलेचा लागला.

म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत होतं! किळस आली ती त्या दिवशी, पालीची काय येणार? डोळे फोडायचे आयांनी, मिरवायचं पोरींनी, आणि माहीत असलेल्यांनीच माना डोलवायच्या.

उद्या तुझ्या नातीचं लग्न. म्हणते, "आई, काहीतरी विकत आणू गं, माझ्या हातचं म्हणून ठेवू." मी झुंबर साबणाच्या पाण्यात बुडवलं, पाणी चहासारखं झालं. गाठ मात्र एकही सुटली नाही मेली. दिसतंय अजून तसंच भयाण. तरी उद्या टांगणार, खाली पुठ्ठा: 'नवरीच्या आज्जीच्या हातचं'.

एक सांगू? ह्या पुठ्ठ्यावर आधी मी सवयीनं 'वधूच्या हातची कला' लिहून मोकळी झाले होते. हे त्याच्याच पाठीवर लिहिलंय.