शुक्रवारचे आकडे

२ मे, शुक्रवार
लॅबमध्ये आजचा रन सुरळीत. पातळ द्रावणापासून दाटपर्यंत सगळ्या पायऱ्या झाल्या, प्रत्येक बिंदू जागच्या जागी. मशीन एकच. एरवी नाझनीन चालवते, शुक्रवारी तिला सुट्टी म्हणून मी. बाकी दिवस माझ्या वाट्याला पाण्याचे नमुने आणि बाटल्या धुणं. शुक्रवारची वाट बघते ती उगीच नाही.

घरी आई : "दिसभर करते काय गं तू नक्की?" सांगितलं. बारीक भुकटी ठासून भरलेली स्टीलची नळी, तिला कॉलम म्हणतात. त्यातून औषधाचं द्रावण सोडायचं. भुकटी थोडं औषध धरून ठेवते, म्हणून ते पलीकडे उशिरा पोचतं. किती उशिरा, त्यावरून किती धरलं ते काढायचं. मग आणखी दाट द्रावण, पुन्हा तेच. आईने कामतघरला लूमवर वर्षानुवर्षं कांड्या भरल्यात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आन् याचा पगार देतात?"

५ मे, सोमवार
सरांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीनवर दोन रेषा. माझी वर, गुळगुळीत. नाझनीनची खाली, बिंदू इकडेतिकडे. औषध तेच, कॉलम तोच. सर म्हणाले, "एकीचा हात चुकतोय. या रेषेवरून, या आयसोथर्मवरून पार्टी मोठा कॉलम बांधणार आहे, चुकीचा देऊन कसं चालेल?" मग पाणी प्यायले आणि खरं ते सांगितलं. जूनपासून या लॅबमध्ये एकच केमिस्ट. दुसरीला सोडावं लागेल.

कोणाचा हात ते बोलले नाहीत. बघत मात्र नाझनीनकडे होते.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचतंय.

८ मे, गुरुवार
नाझनीन एकेक वजन पुन्हा पुन्हा करते. गाळलेलं द्रावण परत गाळते. डब्याला हाक मारली तर, "तू खा गं. मेरा हाथ ही मनहूस हो गया है."

हे मशीन मला तिनेच शिकवलं. पंपात हवेचा बुडबुडा अडकला तर काय करायचं, रेषा सपाट होईपर्यंत चहाला का उठायचं नाही, सगळं. तिच्याकडचे लूम केव्हाच विकले, नवरा रिक्षा चालवतो, दोन मुली. माझ्याकडे आई आणि मी. पडघ्याच्या गोदामात भरती चालू आहे म्हणे, खोक्यांवर स्कॅनर मारायचा. एम.एस्सी. करून ते कोणी करायचं? तिने की

१४ मे, बुधवार
नाझनीन मुलीच्या ॲडमिशनला गेली. तिच्या जागी मी. शुक्रवार सोडून या खोलीत पहिल्यांदाच दिवसभर बसले असेन. खाली लूम चालू, टेबल थरथरतं. स्टॅबिलायझरची टकटक थांबत नाही. एसी मध्येच नुसता पंखा होतो, मग थोडा गार, मग पुन्हा पंखा. शुक्रवारी मी इथे ओढणी गुंडाळून बसते. आज पाठ भिजली.

रन संपला. माझेच आकडे नाझनीनसारखे. खाली, विस्कटलेले. दोन पायऱ्या पुन्हा केल्या. तसेच.

१५ मे, गुरुवार
हात कोणाचाच नाही. खोली आहे. शुक्रवारी सुट्टी म्हणून सगळे लूम बंद, व्होल्टेज पुरतं, एसी दिवसभर नीट चालतो. कॉलम गार राहिला की जास्त धरतो. बाकी दिवस तापतो आणि लवकर सोडतो. तापमान कायम ठेवायचं, ही आयसोथर्मची पहिली अट. कॉलमला एकाच तापमानात ठेवणारा ओव्हन बिघडून पडलाय आणि आम्ही सगळे एसीच्या भरवशावर!

हे सांगितलं तर दोघी बरोबरीत. मग सर अनुभव बघणार, तो तिचा जास्त. म्हणजे जाणार मी. नाही सांगितलं तर

सरांनी कालचे आकडे मागितले. म्हटलं, देते.

१६ मे, शुक्रवार
रेषा सुंदर आली. बघवेना. सर मागे येऊन उभे राहिले, "व्हेरी गुड." आईने विचारलं, जेवत का नाहीस. पोट बिघडलंय म्हटलं.

१९ मे, सोमवार
सांगितलं. तोंडात मिठाची गुळणी धरून किती दिवस बसणार? आधी नाझनीनला, जिन्यात. ती हसली, मग रडली. "अगं, घरी चहात साखर टाकताना पण मी हात तपासत होते."

मग दोघी सरांकडे. सर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." पण इथे अंगण खरंच वाकडं आहे, सर! हे मनात. तोंडाने म्हटलं, शुक्रवारी नाझनीनला चालवू द्या.

२३ मे, शुक्रवार
नाझनीन सुट्टी मोडून आली. घरी सगळे जमतात तो दिवस, सासरे कुरकुरले म्हणे. कॉलमला दोऱ्याने थर्मामीटर बांधला. पारा दिवसभर हलला नाही. तिची रेषा माझ्या रेषेवर तंतोतंत.

सर म्हणाले, "म्हणजे दोघींचे आकडे फेकायचे. एसीच्या भरवशावरचं पार्टीला देता येत नाही." ओव्हन लगेच दुरुस्त करणार, सगळं पहिल्यापासून. आणि जागा? "जागा एकच आहे. सोमवारी बोलू."

२४ मे, शनिवार
मेकॅनिक सकाळीच येऊन ओव्हन चालू करून गेला. दोघींनी मिळून रन लावला आणि औषध पलीकडे यायची वाट बघत बसलो. नाझनीनने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "मी ॲडमिशनला गेले त्या बुधवारी माझ्या जागी तू होतीस ना?"

"हो."

"आणि मला सांगितलंस पुढच्या सोमवारी."

खात्री करून घेत होते, असं म्हणता आलं असतं. अर्धं खरंही होतं ते. म्हटलं, "जागा एकच आहे ना."

तिने पंपाचा दाब तपासला. मग म्हणाली, "मी पण गप्प बसले असते. किती दिवस, ते नाही सांगता येत."

तेवढ्यात रेषा चढायला लागली. तिने आकडा सांगितला, मी लिहिला. संध्याकाळपर्यंत आम्ही आकड्यांशिवाय दुसरं काही बोललो नाही. परवा सोमवार.