जमखंडीहून भोर, चौथ्या दिवशी

तुम्ही कचेरीतून याल तेव्हा मी रघुवीरभावजींच्या मोटारीतून जमखंडीच्या वाटेवर असेन. पद्मजेला बाळंतपणाला माहेरी मीच आणते.

तुमचं वेळापत्रक वाचलं आणि शिसारी आली. सातव्या महिन्यातली पोर, दोनशे मैल, तीन संस्थानं, मधे इंग्रजी मुलूख, आणि सगळं एका दिवसात! दर जकातनाक्याला म्हणे पाच मिनिटं. मागे आपली लोणच्याची बरणीच तासभर तपासत बसले होते, विसरलात? आणि ‘दोन ट्रंका, एक वळकटी, पद्मजा’ असं यादीत लिहिताना हात कसा चालला तुमचा?

मिरज, कराड, सातारा असे मुक्काम करत मी तिला चौथ्या दिवशी घरी आणीन. माझ्या पहिल्या खेपेला दिवेलागणीच्या आत पोचायचं म्हणून तुम्ही बैल पळवले होते. पोचलो वेळेवर. पाळणा मात्र रिकामा राहिला. त्यावर मी कधी बोलले नाही, आजही बोलत नाही.

पिठलं-भात झाकून ठेवलाय, तूप शिंक्यावर आहे. उपाशी निजू नका.

तुमचं घड्याळ शोधू नका. मी बरोबर नेलंय, आणि वाटेत त्याला चावी देणार नाही.

सौदामिनी