दिव्यांची उभी अक्षरे

पोलादपूर, आश्विन वद्य दशमी, शके १८५६

कलेविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही; रोजनिशीने क्षमा करावी. पण ते चित्र मनातून जाईना. मुंबईला कापडाच्या दुकानात असलेल्या दादाने जपानी गठ्ठ्यावरचे चित्र पाठवले: रात्रीचे शहर, आणि इमारतींवर लाल-निळी प्रकाशाची अक्षरे, एकाखाली एक उभी. काचेच्या नळ्यांत प्रकाश पेटतो म्हणे! जाहिरातीच असतील, तरी इतक्या देखण्या? सोबत एवढेच लिहिले होते की, दिवाळीला रजा नाही.

म्हणून यंदाचा आकाशकंदील मी उंच, अरुंद केला. निळ्या कागदात लाल अक्षरे बसवली, तशीच एकाखाली एक. काल तिन्हीसांजेला आत पणती ठेवली. आई हसली, "गो, हा कंदील हाय का दुकानाची पाटी? लिवलंस तरी काय?"

"दादा, ये."

आईचे हसू थांबले. अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन तिने वळून पाहिले. "आणखी उंच बांध, गो. वाटेवरून दिसला पायजे."

मुंबईहून कसा दिसणार? मला तिला हे विचारवले नाही. तिचेच शब्द दादाला लिहिले आणि पत्र महाडच्या मोटारीने धाडले: आज, वद्य दशमी, सकाळी आठ वाजता.