लाईनवरचा नवा म्हसोबा

मंगळवार, दिवेलागण

कारखान्याचं इथेनॉल नेणाऱ्या पाईपलाईनवर मी रोज चालत पाहणी करतो. तलवाड्याच्या शिवारात, बापूच्या शेतात, बरोबर लाईनवर नवा म्हसोबा बसलाय. शेंदूर ताजा, नारळ हाय, झेंडू हाय. दिवा तेवढा न्हाई. चार दिवस मीबी चप्पल काढून पाया पडलो अन् वहीत ‘सगळं ठीक’ लिहिलं. देवाखालची माती कोण उकरून बघतंय?

आज वाटलं, आपणच उदबत्ती लावावी. ड्युटीवर काडीपेटी ठेवायला बंदी हाय, पण बिडीसाठी असतीच खिशात. ती काढली तसा बापू ज्वारीतनं पळत आला अन् माझं मनगटच धरलं.

"काडी वढू नको बे!"

"कावून?"

"ह्या देवाला... इस्तू चालत न्हाई."

असला म्हसोबा मी जन्मात बघितला न्हाई. पाईप खोल पुरलेला हाय, धड असंल तर वर काडी वढून काय व्हतंय? अन् खाली कुणी इथेनॉल चोरायला भोक पाडलं असंल तर?

ऑफिसला फोन करून लाईन बंद करायला लावली. पण दिवा न्हाई, हे मला पहिल्याच दिवशी कसं खटकलं न्हाई?

लाईनवर इस्तू न्हाई, हा नियम मला नोकरीनं शिकवला, तरी मी विसरलो. बापूला कुणी शिकवला?