समासातला ठिपका

शहापूर, ता. ४ ऑगस्ट १९३५

ती. परशराम मामांच्या पायाशी,
भाचा नागोजीचा सा. न. वि. वि.

मी आक्काकडे खुशाल आहे. शेजारच्या हातमागांची खटखट सकाळपासून चालू असते, त्या तालावर स्पेलिंगं घोकतो. जांबोटीहून काकांचा निरोप आला. दसऱ्यापर्यंत नोकरी लागली नाही तर परत ये आणि म्हशी राख, असं म्हणालेत. म्हशी वाईट नाहीत, पण इंग्रजी शिकवण्यातली तुमची दोन वर्षांची मेहनत त्यांच्यामागे रानात जाईल.

लोंढ्याच्या एका लाकडाच्या वखारीत इंग्रजी पत्रं लिहिणारा कारकून हवा आहे. मालकांनी नमुन्याचं पत्र मागवलं आहे. मुंबईच्या व्यापाऱ्याला कळवायचं, की रस्ता वाळला की गाड्या सुटतील, पाऊस उघडला तर आठ दिवसांत माल पोचेल, आणि ओढा उतरेपर्यंत तो वखारीतच राहील. तुम्ही शिकवलेलं लक्षात ठेवलं. आपण मराठीत न उघडलेल्या पावसाला उघडला म्हणतो, तसं इंग्रजीतही इफ किंवा व्हेन जिथं बसला तिथं विलला जागा नाही. त्याचा पाट शेजारच्या वाक्यात मांडायचा.

मसुदा सोबत आहे. चूक दुरुस्त करू नका. नेहमीसारखा चुकलेल्या ओळीपुढे समासात ठिपका द्या, चूक मी शोधतो. चार दिवसांत परत आला तर बरं. मामींना नमस्कार. माझ्यावर रागावण्याचा हक्क आहे तसाच राहू द्यावा.

आपला,
नागोजी


निपाणी, ता. ९ ऑगस्ट १९३५

चि. नागोजीस अनेक उ. आ.

मसुदा परत पाठवतो. ठिपका एकही नाही. आता पुन्हा पुन्हा न चाळता पाठवून दे.

दौत कलंडली, म्हणून या ओळी जरा वाकड्या आल्या. तुझी मामी म्हणते, नागोजी कागदाची एवढी काळजी करतो, तेवढी पोटाची केली असती तर अंगावर चार तोळे मांस दिसलं असतं. इकडे सर्व ठीक. तिला तुझी आठवण येते, मला येत नाही असं लिहीत नाही.

मामा


शहापूर, ता. २० ऑगस्ट १९३५

ती. मामांच्या पायाशी,
नागोजीचा सा. न. वि. वि.

हे पत्र मामीच वाचून दाखवतील, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.

ठिपका नाही हे पाहून आधी आनंद झाला, मग धीर सुटला. दोन वर्षांत माझं एक पानही ठिपक्यावाचून परत आलं नव्हतं. मी वाचतच बसलो. आक्का म्हणाली, किती वाचशील रं, कागद झिजंल. सातव्या खेपेस सापडलं. इफ आणि व्हेन ठीक होते, पण तोच नियम असलेल्या अनटिलच्या मागे विल खुशाल पाट मांडून बसला होता. एवढी ढळढळीत चूक तुमच्या नजरेतून सुटणार नाही. मग तुमचं पत्र पुन्हा हाती घेतलं. सगळ्या ओळी खाली उतरत गेलेल्या, आणि सांडलेल्या शाईचा डाग कुठेच नाही.

मामा, तुम्हाला दिसत नाही, आणि तुम्ही ते कुणाला सांगितलेलं नाही.

चूक सुधारून पत्र धाडलं. काल वखारीत बोलावलं होतं, एक सप्टेंबरपासून रुजू व्हायचं आहे. मालकांनी विचारलं, शाळा चौथीत सुटली तर इतकं नीट कुठे शिकलास. तुमचं नाव सांगितलं. तुम्ही चुका दुरुस्त करून देत गेला असता, तर या वेळी मी तसाच मसुदा पाठवला असता. शोधायची सवय तुमची, नोकरीही तुमचीच.

शनिवारी निपाणीला येतो. तुम्हाला मिरजेच्या दवाखान्यात डोळ्यांच्या इलाजासाठी न्यायचं आहे. न्हाय म्हणू नका; रुजू होण्याआधी माझ्या हाती एक आठवडा आहे.

सोबतच्या बंद लखोट्यात इंग्रजीत चार ओळी आहेत. आत्ता फोडू नका. डोळ्यांवरची पट्टी निघाली की स्वतः वाचा, दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका. तुमचा हात डोक्यावर असू द्यावा.

आपला,
नागोजी


निपाणी, ता. १७ नोव्हेंबर १९३५

चि. नागोजीस अनेक उ. आ.

ओळी सरळ आल्या आहेत का ते मोजपट्टी लावून पाहा. कालच चष्मा आला. मामी म्हणते घुबडासारखे दिसता. मला तिचे केस पांढरे दिसले. नजर मंदावत गेली त्या मधल्या काळात एवढे झाले, हे तिने कळू दिलं नव्हतं. घरात लपवणारा मी एकटा नव्हतो.

मास्तराला दिसत नाही हे कळलं तर मुलं वह्या आणायची थांबतील, ही भीती होती. तुझा मसुदा मी नुसता हातात धरून बसलो, आणि ठिपका नाही असं लिहून टाकलं. त्यात तुझी नोकरी जाणार होती. त्याबद्दल तू रागाचा एक शब्द बोलला नाहीस, उलट मिरजेला पाच दिवस पायाशी बसलास. मास्तराने विद्यार्थ्याचे उपकार कसे लिहावेत, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

लखोटा काल फोडला. चारी ओळी स्वतः वाचल्या. तुम्ही हे वाचाल तेव्हा मी लोंढ्याला पत्रं लिहीत असेन, हे वाचून बरं वाटलं. पण त्याच ओळीत व्हेनच्या मांडीला मांडी लावून विल बसलेला पाहिला आणि चिडलो. पगारी कारकुनाने पहिल्या धड्यातली चूक करावी? मामी हसायला लागली. म्हणाली, तुमचं पोरगं लई बेरकी हाय, तुम्हालाच परीक्षेला बसवलंय त्यानं.

कागद परत पाठवतो. तिसऱ्या ओळीपुढे समासात ठिपका दिला आहे. पास की नापास, ते लोंढ्याहून लवकर कळव.

मामा