श्वास, रावसाहेब आणि माझी श्रद्धांजली

१७ नोव्हेंबर
आजपासून श्वासावर काम सुरू. बसल्या जागी धाप लागते आहे. कुत्र्यासारखी, असं श्यामला म्हणाली. बायकोने निदान बैल तरी म्हणावं. कारण उघड आहे: हवा. नदीकाठी कुणीतरी पाचोळा जाळतं. परवाच्या प्रकाराशी संबंध नाही.

प्रकार एकदा लिहून ठेवतो, म्हणजे विषय मिटेल. वरच्या मजल्यावरच्या रावसाहेबांना पहाटे ॲम्ब्युलन्समधून नेलं. चादर हनुवटीपर्यंत. मग त्यांच्या स्वयंपाकाच्या बाईंचा दूधवाल्याला निरोप: उद्यापासून दूध नको. यावरून कुणीही तर्क केला असता. मी सोसायटीच्या ग्रुपचा ॲडमिन, श्रद्धांजली पहिली माझीच पडायला हवी. मागच्या वेळी तळमजल्यावरच्या पाटणकरांनी डाव साधला होता. त्याआधी सोसायटीतले मनोहरपंत गेले तेव्हाचा माझा गाजलेला मजकूर होताच. नाव बदललं आणि टाकला. सगळ्यांनी खाली हात जोडले.

रावसाहेब तेव्हा हॉस्पिटलात इडली खात होते.

१८ नोव्हेंबर
अनुलोम-विलोम. डावी नाकपुडी चोंदलेली, त्यामुळे फक्त विलोम. धाप वाढली.

दुपारी भाची तनयाकडे. ती डॉक्टर आहे. सगळं तपासलं, सगळं नॉर्मल. मामा, मनावर कसलं ओझं आहे का, असं विचारलंन. मी नाही म्हणालो. तेवढ्यात बोटाला लावलेल्या यंत्रावरचा नाडीचा आकडा वर उडाला. तिने सांगितलं: हात पोटावर ठेवा, नाकाने सावकाश आत, ओठांचा चंबू करून त्याहून सावकाश बाहेर. इतकं सोपं माझ्यासारख्याला चालणार नाही. स्वतःची पद्धत बसवणार.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळी
रावसाहेब घरी आले. बरोबर मुलगी ऋतुजा. माझा मजकूर तिने बंगळूरला ऑफिसात वाचला आणि तिथेच खाली बसली, असं पाटणकर मुद्दाम दारात येऊन सांगून गेले. विमानात सगळा वेळ रडत होती म्हणे, बाबा आहेत हे उतरल्यावर कळलं. बाबा बासरी कधीपासून वाजवायचे, हेही तिने विचारलंन. मनोहरपंत वाजवायचे. ते वाक्य काढायचं राहिलं.

फार वाईट वाटतं आहे. जेवलो नाही. (पोहे खाल्ले.)

ठरलं: उद्या सकाळी वर जाऊन माफी मागायची.

२० नोव्हेंबर
अमावास्या. अशा दिवशी आजाऱ्याच्या दारात जाऊ नये. मी हे मानत नाही, पण ते मानत असले तर?

गॅलरीत भ्रामरी केली. भुंग्यासारखा आवाज काढायचा, मन शांत होतं. वरून रावसाहेबांनी वाकून विचारलं, मोटर बिघडली का? मी वाळत घातलेल्या चादरीमागे उभा राहिलो. श्वास बराच वेळ बंद होता. संथ म्हणायला हरकत नाही.

२२ नोव्हेंबर
लिफ्टमध्ये ते होते म्हणून जिन्याने आलो. वर पोचलो तेव्हा बोलता येत नव्हतं. म्हणजे माफी मागणं शक्यच नव्हतं.

तीस वर्षं रोज संध्याकाळचा चहा त्यांच्याकडे. तो बंद पडला. तुम्ही आठवड्यात माणूस मारलात आणि चहापण, असं श्यामला म्हणाली.

२४ नोव्हेंबर
रावसाहेबच खाली आले. हातात हॉस्पिटलने दिलेलं यंत्र, तीन गोळ्यांचं. नळीतून श्वास ओढला की आतल्या प्लास्टिकच्या गोळ्या वर जातात. तुमची धाप वरपर्यंत ऐकू येते, म्हणाले. शेजारी बसून शिकवलं, पाठीवर हात ठेवून. घाई कशाला, सोडताना सावकाश, असं म्हणाले. त्यांच्या तिन्ही गोळ्या वर, माझी एक जेमतेम हलली. श्रद्धांजलीचा शब्द काढला नाही. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

उद्या नक्की. श्यामलेला डिंकाचे लाडू करायला सांगितलं.

२५ नोव्हेंबर
लाडू घेऊन गेलो. दाराबाहेर तनयाची पद्धत केली: पोट, चंबू, सगळं. खरोखर शांत वाटलं. एका दमात बोललो: रावसाहेब, घाई झाली, क्षमा करा. शिवाय मजकूर मनापासून लिहिला होता.

ते म्हणाले, तो मीच लिहिला होता. मनोहरपंत गेले तेव्हा तुम्हाला सुचत नव्हतं, इथेच चहा पिताना तुम्हाला सांगितला, तुम्ही टाइप केलात. आठवत नाही का?

मला तो माझाच वाटत होता. अगदी खरं सांगतो.

मेलो असं लिहिलंत त्याचा राग नाही, म्हणाले. ऋतुजाही शांत झाली. फक्त वाचायला घेतलं तेव्हा वाटलं, आता आपल्याबद्दल यांनी काहीतरी स्वतःचं लिहिलं असेल. मग बासरी आली. एवढं बोलून त्यांनी चहा मागवला. लाडू बरे झालेत म्हणाले.

घरी येऊन लगेच बसलो. रावसाहेबांबद्दल दोन ओळी, स्वतःच्या, ते आहेत तोवर. 'रावसाहेब' लिहिलं. पुढे त्यांची नोकरी लिहायची होती. कुठल्या खात्यात होते ते श्यामलेला विचारलं.

तिने सांगितलं. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, कधी गेल्या, तेही तिलाच विचारावं लागलं. तीस वर्षं चहा पिताना बहुतेक मीच बोलत होतो.

धाप पुन्हा लागली आहे. हवा आज स्वच्छ आहे.