चिमीच्या कंपनीतली माझी नोकरी

तीर्थरूप ताईस,

डोळे मिटलेल्या अवस्थेतच शिरसाष्टांग नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता वाकतो का? (वाकत असेल तर माझ्या वतीने देवापुढे वाकायला सांग, मला गरज आहे.) बाकी इकडे सगळं क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुझ्या भाचीने धंदा काढलाय. आग तूच लावलीस, ताई! मुलांनी लहानपणीच स्वतःचा व्यवसाय करावा, असं सुट्टीत तूच तिच्या डोक्यात भरवलंस ना? झालं. नऊ वर्षांच्या चिमीने इमारतीत घरोघर जाऊन जाहीर केलं, सकाळी वेळेवर उठवून मिळेल. गजर बंद करता येतो, माणूस दारातून हलत नाही, हा तिचा मुद्दा बिनतोड होता. तळमजल्यावरचे बसड्रायव्हर, मधल्या नर्सबाई आणि वरचे रिटायर्ड हेडमास्तर अशी गिऱ्हाइकंही मिळाली.

अडचण एवढीच, की मालकीणबाईंना स्वतःलाच जाग येत नाही. पहिल्या दिवशी मी तिला गदागदा हलवलं, तोंडावर पाणी मारलं. तिने कूस बदलून फर्मावलं, "बाबा, आजचा दिवस तू जा." तो आजचा दिवस अजून संपलेला नाही. ज्याला आईने लाटणं दाखवून उठवलं, तो मी पहाटे लोकांच्या बेल दाबत हिंडतो! हेडमास्तर तर दार उघडून रात्रीचं स्वप्न पहिल्यापासून सांगतात आणि मी चौकटीला टेकून ऐकतो. ऑफिसात फायलींवर घोरतो. बायकोला मदत माग म्हणशील, तर ती म्हणते, धंद्यात घरच्यांनी लुडबुड करू नये.

काल कळस झाला. ड्रायव्हरसाहेबांची रजा होती आणि मी त्यांना उठवलं. तक्रार थेट मालकिणीकडे गेली. तिने हातात दुधाचा पेला धरून मला कामावरून काढलं, ताई! माझ्या जागी समोरचा बंटू घेतलाय. (म्हणजे अर्थातच त्याचे वडील.) तेव्हा लहान मुलं धंदा करू शकतात का, तर खुशाल करू शकतात, बापाची झोप तेवढी हाताशी हवी.

तुझा बडतर्फ भाऊ

ता. क. आज मनसोक्त झोपणार होतो, पण मेली पहाटेच जाग आली. दाराला कान लावून बसलो. बंटूच्या वडिलांनी वर एकदाच बेल दाबली आणि खाली पळाले. अरे, म्हाताऱ्या माणसाला दारापर्यंत यायला वेळ लागतो, हे त्या गाढवाला कोण सांगणार?

पुन्हा ता. क. चिमी फक्त तुझं ऐकते. फोन करून माझ्यासाठी शब्द टाक. ड्रायव्हर नको, नर्सबाई नको. बाबाला फक्त हेडमास्तर दे म्हणावं.